हिमोग्लोबिनवर निळा लेझर टाकला की फक्त हीमच का दिसतो? सेमिनारसाठी मदत हवी आहे

हर्णैची_पोर

नमस्कार सगळ्यांना. मी एमएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर हर्णैला. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, तेव्हा डिपार्टमेंटमध्ये प्रत्येकाने वीस मिनिटं बोलायचंय, रामन इफेक्टशी संबंधित काहीही चालेल असं मॅडम म्हणाल्यात. बाकीच्यांनी रामनचं चरित्र, नोबेल वगैरे घेतलंय. मी टॉमस स्पायरो या केमिस्टचं काम घेतलंय, प्रिन्स्टनला असताना १९७२ पासून त्यांनी हिमोग्लोबिन आणि सायटोक्रोम सी वर रेझोनन्स रामन केलं आणि मग हीम (लोखंड धरणारी रंगीत रिंग) असलेल्या प्रोटीनांचा जवळजवळ अख्खा अभ्यासच त्यातून उभा राहिला.

विषय का घेतला ते सांगते. आमचा धंदा मासळीचा. आई संध्याकाळी बंदरावर लिलावाला असते, मासा घेताना आधी कल्ला उचलून बघते, लालभडक असला तर ताजा, विटकरी तपकिरी पडला असेल तर बोलीच लावायची नाही. लहानपणापासून बघत आलेय पण तो रंग बदलतो म्हणजे हीममधलं लोखंड फेरसचं फेरिक होतं, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावतं, हे बीएस्सीला कळलं, आणि तेच लोखंड कुठल्या अवस्थेत आहे ते स्पेक्ट्रममधल्या एका पीकच्या (उंचवट्याच्या) जागेवरून सांगता येतं हे वाचलं तेव्हा ठरवलं की बोलीन तर यावरच.

आता अडलंय कुठे ते. हिमोग्लोबिनमध्ये ५७४ अमिनो आम्लं, वजन साधारण ६४,५०० डाल्टन, आणि हीम फक्त चार, म्हणजे वजनाच्या चार टक्क्यांहूनही कमी. मग बाकी सगळं प्रोटीन गप्प बसतं आणि हीमचेच पीक येतात हे कसं? पुस्तकात ‘रेझोनन्समुळे’ एवढंच लिहून सोडून दिलंय. दुसरं म्हणजे डीऑक्सीसाठी (ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनसाठी) ४४१.६ नॅनोमीटरचा लेझर आणि ऑक्सीसाठी (ऑक्सिजन लागलेल्यासाठी) ४१३.१ चा, एकच लेझर का नाही चालत. तिसरं, ज्याची मला जास्त भीती आहे, ऑक्सिजन लागला की १३५७ वेव्हनंबरचा (एका सेंटीमीटरमध्ये किती लहरी बसतात तो आकडा) पीक १३७५ च्या आसपास जातो आणि ती जागा फेरिकची आहे असं लिहिलंय, पण आम्ही तर शिकलो की ऑक्सीहिमोग्लोबिनमध्ये लोखंड फेरसच राहतं, मॅडम हा प्रश्न विचारणारच. आणि शेवटचं, २१५ ला जो छोटा पीक आहे तो लोखंड आणि हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या बंधाचाच हे कुणी कशावरून ठरवलं?

मी समजवायला झोपाळ्याचं उदाहरण घेणार होते, आमच्या पडवीत आहे तसा, की झोपाळ्यावर जड माणूस बसला की झोके हळू, हलका बसला की भरभर, तसंच जड अणू लावला की कंपन हळू. हे चालेल ना?

वेळणेश्वर_मास्तर

बेटा, विषय फार चांगला निवडलास. झोपाळ्याचं उदाहरण मात्र काढून टाक. झोपाळा म्हणजे लंबक, त्याच्या झोक्याचा वेळ कडीपाटापासून फळीपर्यंत साखळी किती लांब त्यावर जातो, बसणाऱ्याच्या वजनाने फरक पडत नाही, घरीच घड्याळ लावून बघ. फिजिक्सचं कुणी बसलेलं असेल तर तिथेच अडवतील. त्याऐवजी स्प्रिंगचा काटा घे, बंदरावर पिशवी अडकवून मासळी तोलतात तो. त्याच्या आकड्याला जड पिशवी लावून सोडली की हळू वरखाली होते, हलकी लावली की भरभर. बंध म्हणजे स्प्रिंग, अणू म्हणजे पिशवी. स्प्रिंग ताठ असली तरी वेग वाढतो, तेही यात बसतं.

बाकी स्पेक्ट्रमचं जाणकारांनी सांगावं, मी शाळेत विज्ञान शिकवतो, तेवढं खोल मला येत नाही. हीमवरून मात्र एक गोष्ट सांगायची आहे ती उद्या सावकाश लिहितो.

कोळंबखाडी

गो बाय, बरो विषय काढलंस. मी मालवणची, पीएचडी हीम प्रोटीनांच्या रेझोनन्स रामनवरच झाली, आता या कामात नाहीये पण अजून १३५७ आकडा कुठेही दिसला, गाडीच्या नंबर प्लेटवर जरी, तरी डोळा तिथे जातो. लांब लिहिणार आहे, सवडीने वाच.

आधी साधं रामन. प्रकाश रेणूवर पडला की बहुतेक सगळा आला त्याच रंगाचा विखुरतो. साधारण कोटीत एखादा फोटॉन रेणूला थोडी ऊर्जा देऊन जातो आणि तेवढा कमी होऊन बाहेर पडतो, किती कमी झाला त्यावरून रेणूचं कुठलं कंपन हललं ते कळतं. आपण फणस थापटून बघतो ना, आवाजावरून आत काय ते कळतं, तसं हे प्रकाशाने थापटणं आहे. आकड्यात करून दाखव, लोकांना पटतं. ४४१.६ नॅनोमीटर म्हणजे २२,६४५ वेव्हनंबर. त्यातून २१५ वजा केले की २२,४३०, म्हणजे ४४५.८ नॅनोमीटर. १३५७ वजा केले तर ४६९.७. म्हणजे निळा प्रकाश आत जातो आणि त्याच्यापेक्षा किंचित कमी निळा बाहेर येतो, आख्खी माहिती त्या काही नॅनोमीटरच्या सरकण्यात आहे.

आता फक्त हीमच का. इथे बहुतेक मुलं चुकतात म्हणून नीट वाच. लेझर कंपनाशी जुळवलेला नसतो, तो जुळवलेला असतो हीमच्या रंगाशी. हीमचा पॉर्फिरिन रिंग म्हणजे पाय इलेक्ट्रॉनांचं मोठं कडं, ते ४०० ते ४३० च्या आसपास प्रकाश प्रचंड शोषतं, तो सोरे बँड. रक्त लाल दिसतं ते या रिंगमुळे. लेझर त्या बँडमध्ये नेऊन बसवला की इलेक्ट्रॉन वरच्या पातळीला जायला तयारच असतो, आणि वर गेल्यावर रिंगमधले जे बंध ताणले जातात नेमक्या त्यांच्याच कंपनांचा रामन सिग्नल हजारपट, कधी काही लाखपट वाढतो. ग्लोबिनच्या, म्हणजे प्रोटीनच्या, साखळीला या रंगाशी काही देणंघेणं नाही, तिचं शोषण अल्ट्राव्हायोलेटमध्ये, त्यामुळे तिचा सिग्नल होता तेवढाच राहतो, लाखपट मोठ्या सिग्नलशेजारी तो बेसलाइनमध्ये बुडतो. प्रोटीन गप्प बसलेलं नसतं, ऐकू येत नाही एवढंच. लोखंडाचा बंध रिंगच्या इलेक्ट्रॉनांशी जोडलेला म्हणून तोही वाढतो. आणि पाण्याचा स्वतःचा रामन दुबळा, म्हणून प्रोटीन जसं शरीरात असतं तसं पाण्यातच ठेवून बघता येतं. इन्फ्रारेडला नेमकं पाणीच आडवं येतं.

यातूनच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. डीऑक्सीचा सोरे ४३० ला, ऑक्सीचा ४१५ ला, कार्बन मोनॉक्साइड लागलेल्याचा ४१९ ला. डीऑक्सीला हेलियम कॅडमियमची ४४१.६ ची रेषा जवळची, बाकी दोघांना क्रिप्टॉनची ४१३.१ ची. एकाच लेझरने दोन्ही घेतलं तर एकाचा सिग्नल उगाच फुगतो आणि तुलनाच राहत नाही. हिरवी रेषा टाकली, अरगॉनची ५१४.५, तर हीमचा दुसरा, कमी ताकदीचा क्यू बँड पकडला जातो आणि वेगळीच कंपनं वर येतात. स्पायरो आणि स्ट्रेकास यांनी १९७२ मध्ये तिथेच एक गोष्ट दाखवली. सरळ ध्रुवित लेझर टाकला की नेहमी विखुरलेला प्रकाश बराचसा त्याच दिशेने ध्रुवित येतो, किंवा फार तर निम्माशिम्मा विस्कटतो. हीमच्या काही पीकांमध्ये ध्रुवीकरण चक्क काटकोनात फिरून आलेलं सापडलं. प्लाचेकने १९३४ मध्ये गणितातून असं होऊ शकतं म्हणून सांगून ठेवलं होतं, प्रत्यक्ष बघायला मिळालं ते रक्तातल्या या रिंगमध्ये, कारण ती इतकी सममित आहे. सेमिनारात एक मिनिट तरी यावर दे. रामनचा १९२८ चा शोध, १९३४ चं गणित आणि मधे १९६० साली लेझर आला नसता तर हे दिसलंच नसतं, पाऱ्याच्या दिव्यावर रंगीत नमुन्याचं रामन घेणं फार जिकिरीचं.

आता मॅडमचा प्रश्न. तो पीक आम्ही न्यू-फोर म्हणतो, पूर्ण रिंग श्वास घेतल्यासारखी आतबाहेर होते तेव्हाचा. फेरस लोखंडाकडे इलेक्ट्रॉन जास्त, ते थोडे रिंगच्या पाय-स्टार ऑर्बिटलमध्ये ढकलतं. तिथे इलेक्ट्रॉन गेले की बंध सैल, कंपन खाली, १३५५ च्या आसपास. फेरिक झालं की ढकलायला काही नाही, बंध ताठ, पीक १३७० च्या वर. ऑक्सिजन लागल्यावर पीक वर जातो म्हणजे लोखंडाचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनने ओढून घेतलेत एवढं नक्की. वाइसने १९६४ मध्ये मांडलंच होतं की हे फेरिक आणि सुपरऑक्साइड (एक इलेक्ट्रॉन जास्त घेतलेला ऑक्सिजन) असं समजावं, आणि इन्फ्रारेडमध्ये ऑक्सिजनच्या दोन अणूंमधलं कंपन ११०७ ला सापडलं, जे सुपरऑक्साइडच्या जवळ जातं. पाउलिंग मात्र फेरस म्हणत राहिले, त्यांनी आणि कोरिएलने १९३६ मध्ये ऑक्सीहिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जात नाही, म्हणजे एकही इलेक्ट्रॉन एकटा नाही, हे मोजलं होतं.

पण इथे थांबू नकोस, पुढची गोष्ट आठवणीने सांग. कार्बन मोनॉक्साइड लागलेल्या हिमोग्लोबिनचा न्यू-फोरसुद्धा १३७२ च्या आसपासच येतो, आणि त्याला फेरिक कुणीच म्हणत नाही. कार्बन मोनॉक्साइडही लोखंडाचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, म्हणून रिंगकडे कमी जातात. तेव्हा हा पीक रिंगमध्ये किती इलेक्ट्रॉन पोचलेत ते सांगतो, लोखंडावर कुठलं लेबल लावायचं ते तो एकटा ठरवत नाही. हे बोललीस की मॅडमच काय, बाहेरून परीक्षक आले तरी समाधान होईल.

२१५ वाल्या पीकबद्दल उद्या लिहिते, तो माझ्या सगळ्यात आवडीचा आहे.

चिपळूण_पॅथलॅब

वाचतोय, छान चाललंय. मी लॅब टेक्निशियन आहे, दिवसाला चाळीसेक हिमोग्लोबिन काढतो. आमच्याकडे जुनी पद्धत, रक्ताचा थेंब ड्रॅबकिन द्रावणात टाकायचा, सगळ्याचं सायनमेटहिमोग्लोबिन होतं, ५४० ला रीडिंग घ्यायचं, ग्रॅम मिळाले की झालं. मग एवढा महागाचा लेझर लावून त्याहून वेगळं काय मिळतं? आणि लेझरने रक्त जळत नाही का, आमच्याकडे तर सॅम्पल उन्हात राहिलं तरी बिघडतं.

कोळंबखाडी

दादा, दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. ड्रॅबकिनमध्ये तुम्ही मुद्दाम सगळ्या हीमना एकाच रूपात आणता म्हणून मोजता येतं, किती आहे ते कळतं. रामनमध्ये उलट, जे आहे ते तसंच ठेवून कुठल्या रूपात आहे ते बघायचं. रोजच्या तपासणीला तुमचीच पद्धत योग्य, थेंबभर रक्तातले ग्रॅम काढायला लेझर नको.

एक ठिकाण मात्र आहे जिथे हे तुमच्या कामाला लागून येतं. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत बसून हिमोग्लोबिन खातो, सुटं हीम त्यालाच विषारी म्हणून त्याचे स्फटिक करून ठेवतो, हिमोझोइन. तुम्ही स्मिअरमध्ये तपकिरी ठिपके बघता तेच. क्लोरोक्विन हा स्फटिक बनणंच अडवतं. त्या हिमोझोइनचा रामन सिग्नल फार जोरदार, अगदी लाल पलीकडच्या ७८० च्या लेझरवरही, त्यामुळे एका पेशीतला स्फटिक दिसतो.

आणि जळण्याबद्दल. माझीच चूक सांगते, या मुलीलाही उपयोग होईल. पहिल्या वर्षी मी कार्बन मोनॉक्साइड लावलेल्या हिमोग्लोबिनचा स्पेक्ट्रम घेत होते. बारीक काचेच्या नळीत नमुना, अंधारी खोली, सगळं नीट. पीक आला १३५७ ला. म्हणजे डीऑक्सी. मला वाटलं वायू नीट गेलाच नाही, परत बुडबुडे सोडले, परत तेच, असे तीन दिवस नुसते नमुने करत बसले होते. मग लॅबमधल्या एका सीनिअर ताईने काही न बोलता लेझरची पॉवर उतरवली आणि नळी मोटरवर फिरवत ठेवली, पाच मिनिटांत १३७२ चा पीक. माझा वायू पहिल्यापासून लागलेलाच होता, मी ज्या प्रकाशाने बघत होते तोच प्रकाश कार्बन मोनॉक्साइडला लोखंडावरून उडवत होता. फोटोलिसिस. पुस्तकात दहा वेळा वाचलेला शब्द होता आणि समोर घडत असताना मला ओळखता आला नाही. तेव्हापासून कुठलाही स्पेक्ट्रम दोन वेगळ्या पॉवरवर घेतल्याशिवाय मी खरा मानला नाही.

गंमत अशी की याच गोष्टीचा पुढे लोकांनी हत्यारासारखा उपयोग केला. एका लेझर पल्सने कार्बन मोनॉक्साइड उडवायचा आणि दुसऱ्या पल्सने लगेच, किंवा ठरवलेल्या वेळाने, हीम बघायचं. हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एका आकारातून दुसऱ्यात बदलतं, त्याला साधारण वीस मायक्रोसेकंद लागतात. स्पायरोंच्या ग्रुपने तर २३० नॅनोमीटरच्या आसपासचा अल्ट्राव्हायोलेट लेझर लावून टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही ग्लोबिनमधली अमिनो आम्लंही बोलती केली, म्हणजे पहिल्या पोस्टमध्ये मी ज्या ग्लोबिनला बेसलाइनमध्ये बुडवलं होतं ते दुसऱ्या रंगाने ऐकता येतं.

हर्णैची_पोर

ताई, खूप खूप आभार, दोनदा वाचलं. कार्बन मोनॉक्साइडवालं मी पूर्ण मिस केलं होतं. मास्तर काका, झोपाळा काढला, काटा घेतलाय. बाबांना विचारलं तर ते म्हणाले काट्याला सुरमई लावून सोडून बघ आणि तारली लावून बघ, काल बंदरावर खरंच बघितलं आणि फोनवर व्हिडिओ घेतलाय, स्लाइडमध्ये टाकणार.

ताई २१५ चं लिहाल ना?

कोळंबखाडी

लिहिते. आधी त्याचं महत्त्व. हीमचं लोखंड एका बाजूने प्रोटीनला फक्त एकाच दोरीने बांधलेलं असतं, ती दोरी म्हणजे हिस्टिडिन. दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन येतो आणि जातो. पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनची रचना काढली, केंड्र्यू यांनी मायोग्लोबिनची (स्नायूतलं हीम प्रोटीन), दोघांना १९६२ चं नोबेल, आणि १९७० मध्ये पेरुट्झनी मांडलं की ऑक्सिजन नसताना लोखंड रिंगच्या थोडं बाहेर, हिस्टिडिनकडे सरकलेलं असतं, प्रोटीन त्याला ओढून धरतं, ऑक्सिजन आला की ते रिंगमध्ये येतं आणि पाठोपाठ हिस्टिडिन ओढलं जाऊन पूर्ण प्रोटीन फिरतं. होडी खुंट्याला बांधलेली आणि भरती लागली की दोर ताणतो ना, तसा तो ताण. पण ताण आहे हे क्ष-किरणांच्या चित्रात थेट दिसत नाही, तिथे अणू कुठे आहेत एवढंच कळतं, दोर किती ताणलाय ते कळत नाही. त्यासाठी बंधाचं कंपन लागतं.

म्हणून सगळे तो पीक शोधत होते. २०० ते ५०० च्या भागात हीमचे पुष्कळ पीक, त्यातला कुठला लोखंड-हिस्टिडिनचा यावर बरेच मतभेद झाले. कितागावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मायोग्लोबिनवर ते मिटवलं, आणि कसं तर मास्तर म्हणतात तेच, पिशवी बदलून. निसर्गात लोखंड बहुतेक ५६ वजनाचं असतं. त्यांनी ५४ वजनाचं लोखंड घालून हीम बनवलं, ते परत प्रोटीनमध्ये बसवलं आणि स्पेक्ट्रम घेतला. हलकी पिशवी म्हणजे कंपन वर. सरकलं किती, तर दोनेक वेव्हनंबर. मायोग्लोबिनमध्ये हा पीक २२० ला येतो, त्यातले दोन. हे लिहायला सोपं आहे, ज्याने ग्रेटिंगचा स्पेक्ट्रोमीटर चालवलाय त्याला विचार, खोलीचं तापमान बदललं तरी तेवढं सरकतं, म्हणून दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच मांडणीत, आळीपाळीने घ्यायचे. ऑक्सिजनच्या बाबतीत हेच जरा सोपं होतं, नेहमीच्या ऑक्सिजनने लोखंड-ऑक्सिजनचा पीक ५६७ च्या आसपास येतो आणि १८ वजनाचा ऑक्सिजन दिला की ५४० च्या आसपास उतरतो, डोळ्यांनी कळतं. माझ्या मते या पूर्ण शास्त्रातलं खरं काम हेच आहे. पीक मिळतात सगळ्यांना, कुठला पीक कुणाचा हे पुराव्यानिशी सांगणं अवघड.

मग काय निघालं, तर ऑक्सिजन सोडून बसलेल्या, ताणलेल्या हिमोग्लोबिनमध्ये तो पीक २१५ ला येतो, आणि तेच डीऑक्सी हीम सैल आकाराच्या प्रोटीनमध्ये ठेवलं तर २२१ च्या आसपास. सहा वेव्हनंबरचा फरक. ताणाने बंध कमजोर झालाय हे पहिल्यांदा आकड्यात मिळालं. पेरुट्झचं म्हणणं या एका छोट्या पीकवर तोललं गेलं.

एक सावधगिरी. ऑक्सी किंवा कार्बन मोनॉक्साइडवाल्यात हा पीक शोधू नकोस, सहावा जोडीदार आला की तो वाढतच नाही, दिसत नाही. कुणी विचारलं तर बंध तुटला असं चुकूनही म्हणू नकोस.

तुमच्याकडे रामनचं यंत्र नसेल तरी एक करता येईल. थोडं पातळ केलेलं ताजं रक्त काचेच्या बंद नळीत घे, सोडियम डायथायोनाइटचे चार कण टाक. लाल रंग डोळ्यांसमोर जांभळट होतो, गंधकाचा वास येतो. झाकण काढून हवेत हलवलंस की परत लाल होतो, डायथायोनाइट जास्त झालं असेल तर मात्र वेळ लागतो म्हणून कणच टाक. सोरे ४१५ वरून ४३० ला जाणं ते हेच, यूव्ही व्हिजिबल यंत्रावर लगेच दाखवता येईल. रक्त कुणा माणसाचं घेऊ नकोस, खाटकाकडून आण आणि हातमोजे घाल.

वेळणेश्वर_मास्तर

काल म्हटलं होतं ते लिहितो. हीम म्हटलं की सगळे रक्ताकडे जातात. भात कापल्यावर आपण त्याच ओलाव्यावर कडवे वाल, चवळी, कुळीथ पेरतो. आत्ता जानेवारीत ती रोपं हाताएवढी झालीयेत. एक रोप खुरप्याने बाजूची माती सैल करून अलगद काढायचं, उपटायचं नाही, उपटलं की मुळावरच्या गाठी मातीतच राहतात. मुळं पाण्यात धुवायची. ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. ब्लेडने एक गाठ मधोमध कापली की आत सोलकढीचा रंग. मी दरवर्षी आठवीच्या मुलांना वर्गाबाहेर नेऊन हे दाखवतो, आणि रोपाच्या आत हिमोग्लोबिन आहे म्हटल्यावर पहिली दोन मिनिटं कुणी विश्वास ठेवत नाही.

ते लेगहिमोग्लोबिन. जपानच्या कुबो यांनी १९३९ मध्ये सोयाबीनच्या गाठीतला हा लाल रंग हीम प्रोटीनचा आहे हे दाखवलं. गाठीतल्या जिवाणूंना हवेतला नायट्रोजन पकडायचा असतो, त्यांचं नायट्रोजिनेज एन्झाइम ऑक्सिजनने खलास होतं, पण जगायला ऑक्सिजन तर हवाच. मग हे प्रोटीन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं आणि मोजून मोजून पुरवतं. गाठ गुलाबी असेल तर काम चालू, आतून हिरवट तपकिरी झाली की तिचं संपलं. तुझी आई कल्ला बघते तसंच झालं हे, आमच्याकडे शेतकरी गाठ बघतो.

हे तुझ्या विषयात बसतं की नाही ते त्या ताईंनी सांगावं.

कोळंबखाडी

सर, बसतं म्हणजे काय, अगदी आतपर्यंत बसतं. लेगहिमोग्लोबिनचेही रेझोनन्स रामन स्पेक्ट्रम घेतलेले आहेत, तोच न्यू-फोर, तीच रिंग. आणि त्याच गाठीतल्या जिवाणूत फिक्सएल नावाचं आणखी एक हीम प्रोटीन असतं, १९९१ मध्ये ते हीम प्रोटीन आहे हे कळलं. ते ऑक्सिजन वाहून नेत नाही, आजूबाजूला ऑक्सिजन आहे का एवढंच ओळखतं, आणि नसला की नायट्रोजन पकडायच्या जीन्स चालू करायला सांगतं. ऑक्सिजन लागला की हीमच्या आजूबाजूला काय हलतं हे रामननेच खूप तपासलं गेलंय. हीम तेच, एक वाहतं, दुसरं ओळखतं, तिसरं सायटोक्रोम सी नुसते इलेक्ट्रॉन इकडून तिकडे देतं. फरक सगळा प्रोटीन त्याला कसं धरून बसलंय त्यात, म्हणून तर तो धरणारा बंध बघायला एवढी धडपड.

मुली, मासळीचंही एक जोड. बंगडा कापलास की कातडीखाली बाजूने काळपट लाल पट्टा असतो, कुप्याचं तर मांसच लाल, आणि पापलेट पांढरं. तो लाल म्हणजे मायोग्लोबिन, सतत पोहणाऱ्या माशाला जास्त लागतं. केंड्र्यूंनी रचना काढायला स्पर्म व्हेलचं मायोग्लोबिन घेतलं ते याच कारणाने, श्वास धरून खोल बुडी मारणाऱ्या प्राण्याच्या स्नायूत ते ठासून भरलेलं असतं. चिंबोरी आणि माकुलाचं उदाहरण मात्र देऊ नकोस, त्यांच्यात हिमोसायनिन, नावात हिमो असलं तरी हीम नाही, तांबं आहे, ऑक्सिजन लागला की निळं होतं. हे बऱ्याच जणांचं चुकतं.

चिपळूण_पॅथलॅब

चिंबोरी साफ करताना निळसर पाणी बघितलंय, कारण आज कळलं. धन्यवाद ताई.

हर्णैची_पोर

काल मामाच्या वाडीत जाऊन वालाचं रोप काढलं, काकांनी सांगितलं तसंच. पहिलं रोप तरी उपटलंच गेलं, गाठी मातीत राहिल्या, दुसरं नीट आलं. अकरा गाठी मोजल्या. आठ कापल्यावर आतून गुलाबी, तीन हिरवट. फोटो काढले पण दहा मिनिटांत कापलेली बाजू तपकिरी पडायला लागली, लोखंड फेरिक व्हायला लागलं असेल असं मनात आलं आणि तिथेच बांधावर बसून बघत राहिले. आई म्हणाली हे तर कल्ल्यासारखंच झालं, मी तिला काही सांगितलेलं नव्हतं.

मॅडमना विचारलं, यूव्ही व्हिजिबल मिळणार आहे. डायथायोनाइट स्टोअरमध्ये आहे पण बाटली जुनी आणि आत ढेकळं झालीयेत. ताई, ते चालेल का, की नवीन मागवायला सांगू?

कोळंबखाडी

ढेकळं म्हणजे ओल लागलीय, आपल्या हवेत ते टिकत नाही. नवीन मागव. बाटली आली की लगेच छोट्या बंद कुप्यांमध्ये वाटून डेसिकेटरमध्ये ठेव आणि सेमिनारच्या दिवशी सकाळी एक कुपी उघड. द्रावण आधीच्या रात्री करून ठेवू नकोस.